ज्वारीबद्दलचं माझं मत

सरकारनं माझं ऐकलं. एकदाच, पण ऐकलं. हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं की लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतात, आणि वास येत नाही म्हटल्यावर जास्तच काळजीत पडतात.

तुम्हाला वाटेल, मी कोणी पुढारी असेन. छे हो! आंध्रातल्या आदिलाबादच्या मराठी शाळेत मी नागरिकशास्त्राचा मास्तर. 'लोकशाहीत सरकार लोकांचं म्हणणं ऐकून घेतं' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं असेल की हातात खडू आला की बोटं आपोआप तिकडे वळायची. पण ते खरं असेल अशी शंका मला कधी शिवली नाही. म्हणून तर मी बिनघोर मतं देत होतो. गटारावर मत, बोरिंगवर मत, मीटरगेजच्या गाडीवर मत, मराठी पोरांची पुस्तकं दिवाळी उलटल्यावर काऊन येतात यावर तर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी मतं. ऐकणारं कोणी नाही याची खात्री असली ना, की माणसाला लई चांगली मतं सुचतात.

साल चौऱ्याऐंशी धरा. दोन रुपये किलोचा तांदूळ रेशनवर सुरू होऊन फार काळ झाला नव्हता. शहरात सगळे खूश. अशात माझी चुलत बहीण राहीबाई दवाखान्याच्या कामानं आमच्या घरी आली. तिला वांकिडीकडच्या खेड्यात दिलेली, कापूस आणि ज्वारीचं घर. चहाची बशी खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊ, सरकारचा तांदूळ वाईट नाई. पन आमच्या बाया सकाळी भात खाऊन कापूस वेचाले जातेत, अन् दुपार होत नाई तं पोटात कावळे. भाकर खाल्ली का दिवस निघते. यंदा पावसानं ज्वारी काळी पडली, इकत घ्याची सोय नाई. तुमी शयरात राह्यता, साहेबलोकायत उठता-बसता. बोला ना सरकारले, दुकानात ज्वारी बी द्या म्हना."

साहेबलोकांत मी उठत-बसत नव्हतो. मी हॉटेलाबाहेरच्या बाकावर बसत होतो आणि मालकानं फडकं मारलं की उठत होतो. पण हे बहिणीला सांगायचं असतं का? मी घसा खाकरून म्हणालो, "बोलतो."

आणि नेमके पुढच्याच आठवड्यात पुरवठ्याचे साहेब आमच्या वॉर्डाच्या तक्रारी ऐकायला आमच्याच शाळेत आले. नवेच बदलून आले होते, नाव ओबुलेसू. बुटके, सावळे, जाड चष्म्याचे. बोलणं जवळपास नाहीच. लोकांनी रॉकेलपासून डुकरांपर्यंत सगळं सांगितलं, त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. शेवटी हेडमास्तरांनी मला खूण केली, आभार माना म्हणून.

आभारप्रदर्शन हा आपल्या लोकांचा एक जुना डाव आहे. पाहुणे चपला शोधत असतात, पोरं चिवड्याकडे सरकत असतात, कोणी ऐकत नसतं आणि थांबवतही नसतं. सभेत ज्याला बोलू दिलं नाही तो आभारात अख्खं भाषण काढून घेतो. मीही काढलं. माझ्या तेलुगूत ते काढलं, म्हणजे क्रियापदं तेलुगू आणि जोर मराठी. म्हणालो, हा जिल्हा ज्वारी खाणारा, याच्या पानात तांदूळ ओतून याचं पोट भरत नाही, रेशनवर ज्वारी द्या. टाळी पडली. टाळी पडली की माझा तोल जातो. मी हात पसरून म्हणालो, "साहेब, एकदा आमच्या घरी या! आमच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खा! मग तुम्हाला कळेल या जिल्ह्याचं पोट!"

आता 'एकदा घरी या' याचा आपल्याकडे अर्थ काय? 'बरंय, निघा आता.' दाराशी उभं राहून आपण हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आणि समोरचाही 'येऊ येऊ' म्हणत पिढ्यान्‌पिढ्या आला नाही. यावर तर आपला समाज टिकून आहे. पण साहेब पडले परमुलखातले. एक पाय बुटात, एक बाहेर, असे ते थबकले. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "येतो. रविवारी दुपारी." मग बूट चढवता चढवता म्हणाले, "इथल्या लोकांना ज्वारी खरंच हवी आहे असं मला दिसलं, तर मी वर लिहीन. नाही दिसलं तर विषय बंद."

सभा सुन्न झाली. मीही झालो. सरकार माझ्या घरी जेवायला येणार होतं.

घरी येऊन पद्मजेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी ही बातमी जरा ऐटीतच सांगितली. पद्मजा हैदराबादची. सरकारी क्वार्टरात वाढलेली, तेलुगू फर्डं, रागही फर्डा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या हातची म्हणजे कोणाच्या हातची?"

मी म्हणालो, "आमच्या म्हणजे... आपल्या समाजाच्या."

"मग समाजाला निरोप द्या, रविवारी सकाळी लवकर या म्हणावं. चूल पेटवायची आहे." आणि ती तांदूळ निवडायला बसली.

कारण आमच्या घरात भाकरी होत नव्हती. लग्नापासून नव्हती. भात, फार तर पोळी. पद्मजेला भाकरी थापता येत नाही हे मला माहीत होतं, पण आभार मानताना घरचा कोणाला विचार सुचतो?

बरं, मी म्हणालो, गल्लीत कोणाला येत असेल. समोरच्या दमयंतीबाई, स्वयंपाकातल्या सर्वज्ञ. त्या तावातावानं आल्या. "अवो, सोपं हाय! पीठ गरम पान्यात मळाचं, हात ओला ठेवाचा, अन् थापत राह्याचं. आमच्या सासूबाई अशा भाकरी करत का सूर्य पाहावा!"

"मग तुम्ही या ना रविवारी."

"मी? मले कुठं येते! मी सासूबाईचं सांगून राह्यली."

शेजारी भगवानराव, निजामाच्या काळापासून महसुलात राहून गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडेही आई करत होती. पलीकडे वहिनी करत होती. ज्या गल्लीनं माझ्या भाषणावर टाळ्या पिटल्या त्या अख्ख्या गल्लीत भाकरी ही फक्त भूतकाळात होत होती. सगळे जण चुलीवरच्या भाकरीच्या आठवणी काढत सरकारचा तांदूळ शिजवत होते. आम्ही ज्वारी मागत होतो ती स्वतःसाठी नव्हेच. खेड्यातल्या लोकांसाठी, संस्कृतीसाठी, झालंच तर मत म्हणून.

मी वांकिडीच्या बसच्या कंडक्टरजवळ राहीबाईला निरोप धाडला, रविवारी पहिल्या बसनं ये, साहेब भाकर खायला येऊन राह्यले. संध्याकाळी त्याच कंडक्टरबरोबर उलट निरोप आला, "येतो म्हना. साहेबाले उपाशी ठेव म्हना तवर." माझा जीव भांड्यात पडला. पण पद्मजा म्हणाली, बस आली नाही तर? म्हणून आपलीही तयारी ठेवायची ठरली, आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

आधी ज्वारी. भगवानरावांचा हुकूम, "मास्तर, रब्बीची पांढरी पाह्यजे. हायब्रीड नाई चालत, थे ढोरायले." बाजार पालथा घालून मी रब्बीची पांढरी आणली आणि गिरणीत टाकली. पीठ घरी आणून डबा उघडला तर पद्मजेला शिंक आली. मग मला. मग खिडकीतून डोकावणाऱ्या दमयंतीबाईंना. माझ्या आधी गिरणीत कोणाची तरी मिरची दळली गेली होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत परस्परांशी न बोलणारी माणसंसुद्धा एकमेकांना 'सत्य आहे' म्हणत होती.

पुन्हा ज्वारी, पुन्हा गिरणी. मग चूल. गॅसवर भाकर भाजली तर साहेबांचा अपमान होतो, असं गल्लीचं एकमत. गटारावर यांचं एकमत कधी झालं नव्हतं. अंगणात विटांची चूल मांडली. लाकूड पाहिजे, तेही धावड्याचं, कारण धावड्याचा आर, म्हणजे निखारा, चांगला. गावाबाहेर एका बंडीवाल्याकडून मोळी घेऊन मी सायकलला बांधली आणि नाक्यावर जंगलवाल्या गार्डानं मला अडवलं. मोळीत हात घालून त्यानं एक काडी उपसली.

"सारु, ये सागवान है."

"अहो, ती काडी आहे."

"काडी भी सागवान की है."

मी त्याला समजावून सांगितलं, की मी मास्तर आहे, नागरिकशास्त्र शिकवतो, हे लाकूड सरकारच्याच जेवणासाठी नेतो आहे, रविवारी सरकार आमच्याकडे भाकरी खाणार आहे. तो शांतपणे म्हणाला, "लिखके लाए क्या?" मला बाकावर बसवलं. रस्त्यानं माझे विद्यार्थी जात होते आणि प्रत्येक जण थांबून, हात जोडून, मोठ्यानं 'नमस्ते सर' म्हणत होता. शेवटी त्या काडीचा पंचनामा झाला. लांबी मोजली, जाडी मोजली, माझी सही, साक्षीदार म्हणून पानवाल्याची सही. मग ती काडी जप्त झाली आणि बाकीची मोळी मला सलाम ठोकून परत दिली. मला राग आला, पण आतून थक्कही झालो. या जिल्ह्यातल्या एका काडीवरसुद्धा सरकारचं लक्ष आहे आणि इतके दिवस मी त्याला आंधळं म्हणत होतो!

पण खरा चमत्कार पुढेच आहे. साहेब यायच्या आधी कचेरीतून गिरदावर आला. म्हणाला, "मौका पाहायचा आहे," म्हणजे जागेची पाहणी. चूल पाहिली, तवा पाहिला, साहेब बसतील ती खुर्ची हलवून पाहिली. आमचे भगवानराव शेजारून धोतर सावरत आले. "असा मौका पाह्यतेत का? पह्यले चतुःसीमा लिवा! पूर्वेले कोन, पश्चिमेले कोन!" तो बिचारा नवा पोरगा, घाबरून त्यानं चुलीची चतुःसीमा लिहून घेतली. पूर्वेस तुळस, पश्चिमेस न्हाणी, उत्तरेस मास्तरांची सायकल, दक्षिणेस गटार. गटार लिहिताना त्यानं नाकाला रुमाल लावला, आणि काही न बोलता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फावडी घेतलेली माणसं आली. काय म्हणून सांगू तुम्हाला! ज्या गटारावर मी वर्षानुवर्षं मतं दिली, ज्याच्यासाठी गल्लीनं दरख्वास्ती केल्या, ते गटार जेवणवेळेच्या आत खळखळ वाहायला लागलं. दोन्ही कडेनं पांढऱ्या पावडरची रेघ पडली. खांबावरचा दिवा लागला, तोही भर दुपारी. डुकरं कुठं गेली ते त्यांचं त्यांना माहीत. बायका पदर सावरत बाहेर आल्या आणि वाहतं गटार पाहत उभ्या राहिल्या. भगवानरावांनी टोपी काढली. "निजामाच्या वक्तात बी असं नाई पाह्यलं, मास्तर." दमयंतीबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या मतात नळाचं बी घ्या ना." मी त्या पाण्यापुढे हात जोडले. कोणाला, ते मला आजही सांगता येणार नाही, पण जोडले.

आता माझी झोप उडाली. कारण एवढं सगळं झालं ते कशावर? एका भाकरीवर. ती नीट झाली नाही, साहेबांना या गावात कोणी ज्वारी खात नाही असं दिसलं, तर विषय बंद. म्हणजे राहीबाईच्या गावच्या बायांना पुन्हा भात, पुन्हा दुपारचे कावळे, आणि मी तर 'बोलतो' म्हणून बसलेलो. पद्मजा सगळा वेळ सराव करत होती. परातीला चिकटायची, उचलली की तुटायची, तव्यावर पोचली की करपायची. मी एकदा प्रेमानं म्हणालो, "ही पाहा, अगदी आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली." त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

रविवार उजाडला. पहिली बस आली, पण ती वांकिडीची नव्हती; राहीबाई नाही. कंडक्टर दुसराच, त्यानं बातमी दिली की वांकिडीची गाडी आसिफाबादच्या रस्त्यात बंद पडली आहे आणि लोक ढकलून राह्यले. मी कॅलेंडरातल्या सगळ्या देवांकडे पाहून घेतलं. म्हटलं, साहेब तरी उशिरा येतील, साहेबच ते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप. साहेब वेळेच्या आधी! सरकार वेळेच्या आधी येतं हे मी कोणत्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले. मागं गिरदावर, त्याच्यामागं वॉर्डाचा रेशन दुकानदार नागनाथ, तोंड आंबट करून. त्याच्यामागं गल्ली. पद्मजेनं चूल पेटवली. धूर झाला. पहिली भाकर तव्याकडे जाता जाता तुटली. दुसरी परातीनं सोडली नाही. तिसरी तव्यावर पडली, एका अंगानं काळी, दुसऱ्या अंगानं कच्ची. पद्मजेच्या डोळ्यांत पाणी, धुराचं आणि बिनधुराचं. दमयंतीबाई गरम पाणी म्हणत होत्या, भगवानराव आर कमी करा म्हणत होते, तिसरं कोणी तवा उलटा करा म्हणत होतं. गिरदावर पुढे होऊन म्हणाला, "साहेब, तोवर सरबत?" नागनाथ मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "घ्या! यायलेच खाता येत नाई अन् म्हने ज्वारी द्या."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं मला चुलीसकट पोटात घ्यावं.

साहेब उठले. मी म्हटलं, संपलं, निघाले. पण त्यांनी बूट काढले. घड्याळ काढून गिरदावराच्या हातात दिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, गटाराकडच्या बादलीतून नव्हे, घागरीतून पाणी घेऊन हात धुतले आणि चुलीपाशी उकिडवे बसून पद्मजेला तेलुगूत म्हणाले, "अम्मा, थोडं सरका."

मग त्यांनी पिठाचा गोळा घेतला, तळहातानं रगडला, रगडला, पुन्हा रगडला. परातीत पीठ भुरभुरलं आणि थाप थाप थाप सुरू झाली. भाकर त्यांच्या हाताखाली गोल फिरत वाढत गेली. गल्लीत एवढी माणसं, पण आवाज फक्त त्या थापांचा. गॅझेटेड अधिकारी, बरं का! ज्याच्या सहीवाचून जिल्ह्यात पोतं हलत नाही तो माणूस आमच्या अंगणात भाकर थापत होता. त्यांनी ती अल्लद उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि मग विस्तवाला लावली. ती टम्म फुगली. बायकांच्या तोंडून 'अगं माय!' निघून गेलं. मला तर हुंदकाच आला. का आला विचारू नका, आला.

मान वर न करता साहेब म्हणाले, "मी कर्नूलकडचा. आमच्याकडे जोन्न रोट्टे, हीच. आई मजुरीला जायची, घरी मीच थापायचो." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, "तुम्हाला वाटलं, तेलुगू माणूस म्हणजे भातखाऊ?"

मी म्हणालो, "छे, छे!" वाटलं तर होतंच. त्यावर माझं मतही होतं.

साहेब ठेच्याबरोबर भाकर मोडणार, एवढ्यात गर्दीतून धापा टाकत राहीबाई आली. डोक्यावर गाठोडं, पाय धुळीनं माखलेले. चुलीपुढे बाह्या वर केलेला माणूस पाहून तिनं थेट विचारलं, "काय व वयनी, आचारी सांगतला का? मळलं तं बरं त्यानं. पन आर कमी हाय, थोडा जाळ कर म्हना बाबाले."

"राही!" मी ओरडलो. "साहेब आहेत ते!"

तिनं झटकन पदर डोक्यावर ओढला. पण राहीबाई ती राहीबाई. लाज एका क्षणात आवरून तिनं गाठोडं साहेबांपुढे सोडलं. आत घरच्या भाकरी होत्या, काळपट, खडबडीत. "हे पाह्य साहेब," ती म्हणाली, "हे यंदाची काळी पडलेली ज्वारी. हेच खाऊन राह्यलो आमी, पन हे बी सरत आली. तुमचा तांदूळ गोड हाय, पोरं खातेत. पन वावरात वाकणाऱ्या बाईले थो पुरत नाई. तिले चक्कर येते. माह्या जावंले आली, थे बांधावर पडली अन् दात तुटले तिचे. आमाले फुकट नको. दुकानात ज्वारी ठेवा, एवढंच."

साहेबांना मराठी कळत नव्हतं. मी तेलुगू जुळवायला लागलो तोच पद्मजा पुढे झाली. आठवडाभर भाकरीनं छळलेली, डोळे लाल, गालावर पीठ, पण तिनं राहीबाईचं शब्द न शब्द तेलुगूत सांगितलं. जावेच्या दातांपाशी तिचा आवाज अडकला. तिथं थांबून तिनं ते वाक्य पुन्हा सांगितलं.

साहेबांनी काळ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. सावकाश चावला. मग ते उभे राहिले. "मी वर लिहीन. पण सरळ सगळ्या गावांना ज्वारी मिळणार नाही. आधी एका दुकानात ठेवून पाहतील. ज्यांनी मागितली त्यांच्या दुकानात, म्हणजे तुमच्या. कार्डावरचा अर्धा तांदूळ कमी, त्याजागी ज्वारी. तुम्ही उचलली तर पुढे त्यांच्या गावांना. नाही उचलली तर संपलं. कोण कोण घेणार? हात वर करा."

नागनाथ म्हणाला, "इथं कोन उचलते साहेब? माह्या दुकानात किडे लागतीन तिले."

आणि एकही हात वर गेला नाही. दमयंतीबाई तुळशीकडे पाहत होत्या. भगवानरावांना अचानक चष्मा पुसायची आठवण झाली. अर्धा तांदूळ कमी! पोरं काय म्हणतील, पाहुणे आले तर काय, आणि थापायची कोणी? मी नागरिकशास्त्राचा मास्तर, या सगळ्याचा मूळ पुरुष, माझा हात वर जायला नको होता का? जायला निघाला. कमरेपर्यंत आला. तिथं मला मऊ, पांढरा, तूप घातलेला भात दिसला, आणि हात सदऱ्याच्या खिशात शिरला. राहीबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिनं माझ्याकडेही पाहिलं.

तेवढ्यात पिठानं भरलेला एक हात वर गेला. पद्मजेचा.

"आमच्या घरी लिहा साहेब," ती तेलुगूत खणखणीत म्हणाली, आणि मग मला कळावं म्हणून मराठीत, "यांना मत देता येतं, तर भाकरीही थापता येईल."

गल्ली जी हसली! हसता हसता भगवानरावांचा हात वर गेला, मग दमयंतीबाईंचा, मग कोणाकोणाचे गेले ते मला धुरात दिसलं नाही. गिरदावर धांदलीनं नावं लिहायला लागला. "कुटुंबप्रमुख?" त्यानं विचारलं. मी छाती काढून पुढे झालो. साहेब म्हणाले, "ज्यांनी हात वर केला त्यांचं नाव लिही." आणि यादीत पहिलं नाव पद्मजाबाई असं पडलं. पुढे ती ज्वारी खरंच आली, उचललीही गेली आणि थंडी सरायच्या आत राहीबाईच्या गावच्या दुकानापर्यंत पोचली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या क्षणी माझी अवस्था इतकी बिकट होती की पुढचं काही सुचत नव्हतं.

कारण साहेबांनी हात धुतले होते, परातीत पीठ उरलं होतं, आणि हात वर केलेली सगळी गल्ली आता भुकेली झाली होती. राहीबाईनं पाट माझ्याकडे ढकलला. "बस भाऊ. लाजू नोको."

मी बसलो. धोतराचा सोगा खोचला, गोळा घेतला. गरम पाणी, थंड पाणी, जाळ कर, आर कर, हात ओला ठेव, असे सल्ले चहूबाजूंनी पडायला लागले. साहेबही खुर्ची पुढे ओढून वाकून पाहायला लागले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, आठवड्यात पहिल्यांदाच, पद्मजा टेकली. तिनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला, थोडा वेळ माझे हात पाहिले आणि त्या नकाशानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "अहो, घाबरू नका. तुटली तरी खाऊ."